खिडकीवाले आणि हातोडीवाले

किस्से कोणी जमवत नाही, ते जमतात. दातांवर कीटण जमतं तसे. रोज नेमानं घासणाऱ्याच्याही दातांवर ते चढतंच, आणि एक दिवस जीभ फिरवली की कळतं, अरे, इथे तर थर झालाय! मी उज्जैनची दातांची डॉक्टर. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात डोकावण्यात गेलंय, तेव्हा माझा थर केवढा असेल ते तुम्हीच समजा.

एरवी हे सांगायला मला फुरसत नसते. सध्या आहे, कारण मला घरी बसवून ठेवलंय. वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, झोपताना उशीवर उशी. फोडणीजवळ उभं राहायचं नाही, का तर शिंक येईल! मला एका जागी बसायची सवय नाही हो. पलंगावरून उठते, गॅलरीत जाते, परत येते, पाणी पिते, पुन्हा उठते. टाके आहेत म्हणून खदखदून हसायलासुद्धा बंदी. तेव्हा हसायचं तुम्ही, मी नुसती सांगते.

झालं असं की माझीच वरची उजवी दाढ गेली. तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर नवा दात, बसवायचं, तर वर हाडच पुरेसं नाही. वरच्या दाढांच्या डोक्यावर नाकाशेजारची एक पोकळी असते, सायनस. दाढ गेली की ती पोकळी हळूहळू खाली उतरते. भाडेकरू गेल्यावर घरमालक त्या खोलीत आपलं सामान पसरतो, तशी. मग स्क्रू रोवायचा कशात? म्हणून पोकळीचा तळ वर उचलायचा आणि खाली हाडाची भर घालायची. ह्याला सायनस लिफ्ट म्हणतात. त्या तळाला एक पापुद्रा असतो, अंड्याच्या कवचाच्या आत असतो तेवढा पातळ. तो फाटला की केलेलं सगळं पाण्यात.

उचलायच्या रीती दोन. एक म्हणजे गालाच्या बाजूनं हिरडी उघडून हाडात छोटी खिडकी कापायची आणि डोळ्यांनी बघत पापुद्रा सोडवायचा. दुसरी म्हणजे दाढेच्या जागी जे भोक पाडतो त्यातूनच, छोट्या हातोडीनं ठक ठक करत तळ वर सरकवायचा. हाड जवळजवळ उरलंच नसेल तर खिडकी, बऱ्यापैकी असेल तर हातोडी, आणि मधलं असेल तर भांडण!

भांडणारे माझे दोन मित्र. मुकुंद आपटे खिडकीवाला, शैलेंद्र व्यास हातोडीवाला. कॉलेजपासून आम्ही तिघं एकत्र. मी स्वतः हाडात शिरत नाही, माझं काम हिरडीपर्यंत. पुढचे पेशंट ह्या दोघांकडे पाठवते. आणि माझं स्वतःचं हाड निघालं नेमकं मधलं! एकाकडे गेले की दुसरा कायमचा रुसणार, आणि तो रुसला की आमचा रविवार संपला. रविवारचं काय ते पुढे येईलच. पण मला दाढेपेक्षा रविवारचीच धास्ती जास्त होती, हे आत्ताच सांगून टाकते.

*

आधी शैलेंद्रचा किस्सा. त्याच्याकडे एक मास्तर आले होते, संस्कृतचे, रिटायर झालेले. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारे. तोंड बधिर केलं, ठक ठक झालं, इम्प्लांट छान बसलं. मास्तर उठले आणि खुर्चीचा हात धरून मटकन खाली बसले.

"डॉक्टर साहब, कमरा घूम रहा है।"

असं होतं कधीकधी. ठोकण्यानं कानातला तोल थोडा बिघडतो, काही दिवसांत आपोआप जागेवर येतो. शैलेंद्रनं समजावलं, थोडा वेळ आडवं केलं, मग धरून बाहेर आणलं. बाहेर मास्तरांची बायको बसलेली. नवरा डुलत येतोय, एका हातानं भिंत धरलीये, तोंड एका बाजूला वाकडं! आणि गाव उज्जैन. इथे माणूस डुलला तर कानाची शंका कोणाला येत नाही, भांगेची येते.

"बुढ़ापे में यही देखना बाकी था!" बाई म्हणाल्या, आणि मास्तरांना रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. गल्लीत शिरताना मास्तर दोनदा ओटे धरून थांबले. सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शैलेंद्रच्या दवाखान्यात त्याच गल्लीतले तिघं जण हजर. त्यानं एकेकाचे दात तपासले. सगळे ठणठणीत!

"तो भाई, तकलीफ क्या है?"

"तकलीफ कुछ नहीं, डॉक्टर साहब। मास्साब को जो ठोकी थी, वही हमको भी ठोक दो।"

*

मुकुंदचा पेशंट रामघाटावरचा. पिढ्यान्‌पिढ्या अस्थिविसर्जन करवणारे पंडाजी. मुकुंदनं त्यांना खिडकीची पद्धत चित्र काढून समजावली आणि शेवटी म्हणाला, आत हाडाची भुकटी भरावी लागेल.

पंडाजी ताठ बसले. "हड्डी? ज़िंदगी भर हम लोगों की हड्डियाँ नदी में उतारते आए, और आप मेरे माथे में चढ़ाओगे? किसकी है?"

आता मुकुंदला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुनाच आजार. बाटलीतली भुकटी प्राण्याची असते, हे त्यानं सरळ सांगून टाकलं. पुढचं ऐकायला पंडाजी थांबलेच नाहीत. उपरणं सावरलं आणि जिन्यावरून खाली! मुकुंद मागे धावला, जिन्यातच उभा राहून म्हणाला की पंडाजी, दुसरा उपाय आहे, तुमच्याच जबड्यातलं, मागच्या कोपऱ्यातलं हाड काढून तेच भरता येतं.

पंडाजी दोन पायऱ्या वर आले. "मेरी ही? फिर ठीक है। अपना ही अपने काम आए।"

ऑपरेशन उत्तम झालं. वाटीत हाडाचे चार कण उरले होते, ते टाकायला मदतनीस उचलू लागली, तर बधिर तोंडानं पंडाजींनी तिचा हात धरला. हाड आहे, कचऱ्यात कसं जाईल? त्यांनी ते कण पुडीत बांधून घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे घाटावर बसून स्वतःचं नाव, स्वतःचं गोत्र घेतलं, आणि साग्रसंगीत क्षिप्रेत विसर्जन केलं. मग टाके दाखवायला आले ते उदास चेहऱ्यानं.

मुकुंद घाबरला. "क्या हुआ, पंडाजी? दुख रहा है?"

"दुख नहीं रहा। यजमान भी मैं, पंडा भी मैं, और जिनकी अस्थि थी वो भी मैं। अब बताओ, दक्षिणा किससे माँगूँ?"

*

थांबा. नाकात काहीतरी हुळहुळतंय... गेलं. तोंड मिटून शिंकलं की सगळी हवा पापुद्र्यावर जाते, म्हणून तोंड उघडं ठेवून शिंकायचं असतं. त्यावरून मामा आठवले, पण आधी इंदौर.

इंदौरला आमच्या दातांच्या डॉक्टरांचं एक संमेलन होतं. मुकुंद आणि शैलेंद्रचा तेव्हा टावर चौकात एकच दवाखाना होता, दोघांचा मिळून. दोघांनी मिळून भाषण करायचं ठरवलं, सायनस लिफ्टच्या दोन पद्धतींची तुलना. मी पहिल्या रांगेत बसले होते, कौतुकानं.

सुरुवात गोड झाली. मग शैलेंद्रला लहर आली. म्हणाला, "दरवाज़ा सामने हो और कोई खिड़की से घुसे, तो हमारे मालवे में उसे चोर कहते हैं।"

हॉल हसला. मुकुंदनं माइक ओढून घेतला. "और जो दरवाज़े पर हथौड़ा मारे, उसे डाकू!"

हॉल आणखी हसला. ते दोघं हसले नाहीत. मग अध्यक्षांनी वातावरण निवळावं म्हणून विचारलं, "अच्छा, ये बताइए, पेशंट आपकी अपनी माँ हो, तो कौन-सी पद्धति?" मुकुंद म्हणाला, खिडकी. शैलेंद्र म्हणाला, हथौड़ी। दोघांनी एका सुरात, टेबलावर हात आपटून! टाळ्या झाल्या.

परत येताना एकाच गाडीत आम्ही तिघं. इंदौर ते उज्जैन दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत, मी मधे. महिन्याभरात दवाखान्याच्या दोन पाट्या झाल्या.

*

पण रविवार राहिला. रविवारी सकाळी माझ्या दवाखान्यात पोहे-जलेबी, ही कॉलेजपासूनची रीत. ती मोडायची हिंमत दोघांनाही झाली नाही. दोघं यायचे, माझ्या दोन बाजूंना बसायचे, आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत.

"वृंदा, इनसे कहो जीरावण इधर करें।" जीरावण म्हणजे आमचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. डबा मुकुंदच्या कोपराला टेकलेला आणि शैलेंद्रचा हात तिथून वीतभर लांब.

"मुकुंद, जीरावण दे."

"यांना सांग, आधी शेव घ्या, मग जीरावण. पोहे कोरडे करून राहिलेत."

मी डबा इकडून तिकडे, तिकडून इकडे. वर्षानुवर्षं! मी दातांची डॉक्टर कमी आणि पोस्टमन जास्त झाले होते. चिडायचे, ओरडायचे, पण रविवार आला की सकाळी लवकर जाग यायची ती आनंदानंच. ह्या दोघांशिवाय मला ह्या गावात मित्र नाहीत. बायकांना असं उघड म्हणायची सोय नसते, पण आहे ते आहे.

*

हां, मामा. माझे दत्तूमामा माधवनगरात राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांची वरची दाढ मुकुंदनं खिडकी करून बसवली. घरी पाठवताना बजावलं, शिंक आली तर दाबायची नाही. तोंड उघडायचं आणि मोकळं शिंकायचं.

मामांनी आयुष्यभर साहेबांसमोर शिंक दाबलेली. आता डॉक्टरचाच हुकूम! आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचं, मधुराचं, लग्न ठरवायला मुलाकडची मंडळी आली. बोलणी झाली, गुरुजींनी सुपारी हातात घेतली, सगळ्यांचे डोळे सुपारीवर. आणि मामा तोंड उघडून असे शिंकले की समोरच्या मांडीवरच्या अक्षता उडाल्या!

सुपारी गुरुजींच्या हातातच राहिली. मुलाच्या आजी पदर सावरून उठायलाच लागल्या. शुभ कामात शिंक म्हणजे थांबायचा इशारा! मामी रडवेल्या. मधुरानं आतून मला फोन लावला, मी मुकुंदला जोडलं, आणि मधुरानं फोन नेऊन सगळ्यांच्या मधे ठेवला.

मुकुंद असल्या गोष्टींवर नेहमीच भडकतो. "शिंकेत हवा असते हो, नशीब नसतं! शिकलेली माणसं ना तुम्ही? मीच सांगितलंय त्यांना तसं शिंकायला!"

मग आजी हळूच खाली बसल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "डॉक्टरनं लिहून दिलेली शिंक धरायची असते का हो?"

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. "औषधाला दोष नाही," म्हणाले, आणि सुपारी फोडली.

लग्न झालं, मधुराचा संसार छान चाललाय. मामांची दाढही पक्की बसली. फक्त शिंक काही परत मिटली नाही. अजूनही मामा तशीच शिंकतात, आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी कळतं, मामा घरी आहेत.

*

आता माझं. माझा स्कॅन आला तो मी टेबलाच्या खणात ठेवला आणि खण दिवसभर उघडत-मिटत राहिले. पेशंटच्या तोंडात आरसा धरलाय आणि जीभ आपली माझ्याच रिकाम्या जागेत फिरतेय! शेवटी दोघांना वेगवेगळं कळवलं. म्हटलं, या आणि बघा.

मुकुंद दुपारी आला. स्कॅन उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मी मनात म्हटलं, आता खिडकीचं भाषण.

"ठोकून घे," तो म्हणाला. "शैलेंद्रकडून."

"काय?"

"खिडकीत चिरफाड जास्त, सूज जास्त. तुला नको तो त्रास." मग स्कॅन खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि तुझ्या तोंडात माझा हात नाही चालायचा, वृंदा. मी उगाच तिथे बसून थरथरीन. त्याचा हात हलका आहे. त्याला बोलू नको हां."

दुसऱ्या दिवशी शैलेंद्र आला. त्यानं स्कॅन बघितला, खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"खिड़की करवा ले। मुकुंद से।"

मी खुर्चीत बसलेच.

"देख यार, हथौड़ी में अंदर दिखता थोड़ी है। अंदाज़ से ठोकता हूँ। औरों के मुँह में कभी डर नहीं लगा।" दारापर्यंत गेला आणि वळला. "मुकुंद देख के काम करता है। उसको मत बताना।"

इतका राग आला मला! ज्या खिडकीपायी आणि हातोडीपायी ह्यांनी दोन पाट्या केल्या, मला इतकी वर्षं जीरावणाचे डबे फिरवायला लावले, त्या दोन्ही ऐन वेळी खाली ठेवल्या, आणि माझी दाढ एकमेकांच्या गळ्यात घातली. राग ओसरला तेव्हा मात्र भीती वाटली. ज्यांच्या हातावर अख्खं उज्जैन विसंबतं, ते माझ्यापाशी येऊन हात मागे घेतात, तर माझी दाढ करायची कोणी?

रविवारी पोहे वाढले आणि दोघांचं दोघांसमोर सांगून टाकलं. बऱ्याच वर्षांनी त्यांनी एकमेकांकडे नीट पाहिलं.

"इनसे पूछो," शैलेंद्र मला म्हणाला, "हथौड़ी बोला तो क्यों बोला?"

"यांना विचार, इंदौरला आईसाठी हातोडी होती ना? मग आता खिडकी कशी?"

"मी कोणाला काही विचारणार नाही आणि सांगणार नाही!" मी बशी आपटली. जलेबीचा पाक सगळ्या टेबलावर. "दोघं एकत्र याल तरच मी तोंड उघडीन. नाहीतर मरेपर्यंत डावीकडूनच चावीन. आणि पोहेसुद्धा बंद!"

पोहे बंद म्हटल्यावर दोघं खुर्च्या ओढून जवळ सरकले. मग पाऊण तास, माझ्यामार्फतच, ठरलं ते असं. शैलेंद्र ठोकणार. मुकुंद मागे बसून माझं डोकं धरणार, आणि खिडकीची हत्यारं शेजारी उघडी ठेवणार. पापुद्रा फाटलाच तर पुढचं तो बघणार.

*

त्या दिवशी माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीवर मी आडवी. ह्या खुर्चीवरून छत दिसतं, आणि छताला ओल आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर मला सोबत म्हणून दत्तूमामा येऊन बसले होते.

शैलेंद्रनं इंजेक्शन दिलं. ओठ जड झाला, मग गाल, मग जीभ. तोंडात कापूस, ओठ ताणून धरलेला. आणि तेव्हा तिघांच्याही एकदम लक्षात आलं की आता निरोप पोचवणारं कोणी नाही! शैलेंद्रनं मुकुंदला भुवयांनी विचारलं. मुकुंदनं मानेनं उत्तर दिलं. एकानं हात पुढे केला, दुसऱ्यानं त्यावर बरोबर हवं ते हत्यार ठेवलं. भोक पाडून झालं. खोलीत फक्त त्या पाणी ओढणाऱ्या नळीचा आवाज.

मुकुंदनं मागून दोन्ही तळवे माझ्या कानांवर ठेवून डोकं घट्ट धरलं. त्याचे हात खरंच थरथरत होते. शैलेंद्रनं हातोडी उचलली.

आणि बाहेर मामा शिंकले. तोंड उघडून, मोकळे, जसं मुकुंदनं शिकवलं होतं तसे!

हातोडी हवेतच राहिली. मी डोळे वर करून पाहिलं. मुकुंदचा चेहरा मला उलटा दिसत होता, मास्कच्या वर नुसते डोळे. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"शैलेंद्र," तो म्हणाला, "दो मिनट बैठ जा।"

शैलेंद्रनं का म्हणून विचारलं नाही. हातोडी ट्रेमध्ये ठेवली, स्टूल ओढलं आणि बसला. बाहेरून मामा म्हणाले, "सॉरी हं!" मुकुंदचे हात माझ्या कानांवर तसेच होते, आणि हळूहळू ते थरथरायचे थांबले.

मग तोच म्हणाला, "हां। अब ठोक।"